गब्बरने गोळी झाडली, पण मूल पडताना कुणी पाहिलं?

'शोले' आपण किती वेळा पाहिला याचा हिशेब ठेवणारी माणसं बेळगावपासून इंदूरपर्यंत कुठंही भेटतात. त्यांच्यापैकी कुणालाही एक प्रश्न विचारून बघावा. गब्बर ठाकूरच्या छोट्या नातवावर गोळी झाडतो, तेव्हा ते मूल कसं पडतं? बरेच जण क्षणभर आठवतील आणि सांगूनही टाकतील. कुणी हातवारे करून दाखवेल.

पडद्यावर ते मूल पडतच नाही. घरातली मोठी माणसं एकेक करून गोळीला बळी पडतात, आणि प्रत्येक जण कोसळतानाच चित्र गोठतं. मग अंगणात उरतं ते मूल आणि झोपाळ्याची करकर. गब्बर समोर येतो, बंदूक रोखतो, मूल मान वर करून बघत राहतं. बार होतो आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर रेल्वे असते. ठाकूर घरी परत आलेला आहे आणि त्याला काहीच माहीत नाही. प्रेक्षकाला मात्र सगळं माहीत आहे. मूल पडलं ते प्रेक्षकाच्या डोक्यात, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनी ते विसरलं जात नाही.

दोन चित्रांच्या मधली ही जागा म्हणजे 'कट'. ती नेमकी कुठं ठेवायची हे ठरवणारा माणूस म्हणजे संकलक, बोलीभाषेत एडिटर. 'शोले'चे संकलक होते एम. एस. शिंदे. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेल्या या चित्रपटाला फिल्मफेअरची नऊ नामांकनं मिळाली आणि पुरस्कार मिळाला एकच, संकलनाचा. अमिताभ, धर्मेंद्र, संजीवकुमार, अमजद खान, सलीम-जावेद, आर. डी. बर्मन यांची नावं पोराटोरांना पाठ आहेत. त्या वर्षीची बाहुली ज्याच्या हाती आली, त्या मराठी माणसाचं नाव विचारलं तर मात्र टॉकीजमध्ये तीस वर्षं तिकिटं फाडणारासुद्धा अडखळेल.

मुंगी, तलवार आणि शाल

'शोले'त असे आणखी दोन कट आहेत. इमामसाहेबांचा मुलगा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, गब्बरच्या माणसांच्या हाती लागतो. गब्बर पडल्या पडल्या हातावर चालणाऱ्या मुंगीकडे बघतोय. बघता बघता तिला चिरडतो. कट. गावात एक घोडा येतो आणि त्याच्या पाठीवर अहमदचं प्रेत. अहमदच्या हत्येचा प्रसंग मुळात चित्रित झाला होता, पण अंतिम चित्रपटात तो ठेवला नाही. काढून टाकल्यामुळे प्रसंग हलका व्हायला हवा होता. झालं उलटं. मुंगीला जे झालं ते अहमदला झालं हे जोडून घेण्याचं काम प्रेक्षकावर सोपवलं गेलं, आणि प्रेक्षकाने ते दिग्दर्शकाला दाखवता आलं असतं त्यापेक्षा जास्त क्रूरपणे केलं.

दुसरा कट ठाकूरच्या हातांचा. अर्धा चित्रपट होईपर्यंत वर्तमानातला ठाकूर शालीत गुरफटलेला आहे. होळीच्या हल्ल्यात बंदूक समोर पडलेली असूनही तो उचलत नाही, म्हणून जय आणि वीरू त्याच्यावर चिडतात, प्रेक्षकही थोडा चिडतो. मग ठाकूर जुनी हकीकत सांगतो. त्या हकीकतीच्या शेवटी तो बांधलेला आहे, गब्बर तलवार उगारतो, तलवार खाली येते आणि कट होऊन आपण वर्तमानात. अंगावरची शाल सरकून पडते. रिकाम्या बाह्या वाऱ्यावर हलतात. रक्ताचा थेंबही न दाखवता थिएटरभर लोकांनी श्वास रोखून धरला. इथं कट दोन कामं एकदम करतो. एक तर नको ते दाखवणं टाळतो, आणि दुसरं म्हणजे आधीच्या दीड-दोन तासांतला ठाकूरचा प्रत्येक शॉट प्रेक्षकाला मनात पुन्हा बघायला लावतो. हा माणूस कशाला हात का लावत नव्हता, ते आत्ता कळतं.

अर्थात हे सगळं एकट्या संकलकाच्या डोक्यातून आलं असं म्हणणं चूक. कथा सलीम-जावेदची, दिग्दर्शन रमेश सिप्पींचं, आणि बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत महिनोन्महिने राबणारं मोठं युनिट. पण संकलकाच्या टेबलावर जे येतं तो शेवटी फिल्मचा ढीग असतो. त्यातलं काय ठेवायचं, किती ठेवायचं आणि कशाच्या शेजारी ठेवायचं, यावर तो ढीग चित्रपट होतो की नुसता ढीगच राहतो ते ठरतं.

त्या काळी हे काम हाताचं होतं, शब्दशः. ३५ मिलिमीटरच्या एका फूट फिल्मवर १६ चौकटी आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी पळतात. म्हणजे फूटभर फिल्म हा सेकंदाचा दोनतृतीयांश भाग. संकलक यंत्रावर शॉट मागंपुढं फिरवून बघायचा, पेन्सिलीने खूण करायचा, फिल्म कापायचा, दुसऱ्या तुकड्याला चिकटवायचा आणि पुन्हा चालवून बघायचा. नाही जमलं तर जोड सोडवायचा. दोन चौकटी जास्त ठेवायच्या की कमी, यावर दिवस जायचा. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. माणसाला तो मोजता येत नाही, पण शॉट जरा लांबला किंवा झटक्यात संपला हे मात्र जाणवतं. भजनात टाळ किंचित मागं पडला तर मोजता न येणाऱ्यालाही खटकतं, तसंच हे.

एकच चेहरा, तीन भावना

कटमध्ये ही ताकद येते कुठून, याचा शोध रशियात सुमारे शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने घेतला. त्याने इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एक निर्विकार शॉट घेतला आणि तो वेगवेगळ्या चित्रांच्या शेजारी जोडला. एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटी. तिसरं चित्र कोणतं होतं याबद्दल वेगवेगळ्या हकीकती सांगतात. बघणाऱ्यांनी नटाची वाखाणणी केली: सूपकडे बघताना काय भूक दाखवलीय, शवपेटीकडे बघताना काय दुःख! चेहरा सगळीकडे तोच होता. ती मूळ फिल्म आज शिल्लक नाही, आणि पुढं संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा कधी परिणाम ठळक दिसला, कधी फारसा नाही. तरी चित्रपट शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिला धडा हाच असतो, कारण रोजच्या कामात तो खरा ठरतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. एक आजी दारात उभी आहे, चेहऱ्यावर काहीच नाही. पुढचा शॉट स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीचा: आजी एकटी पडली. त्याऐवजी पुढचा शॉट बैलगाडीतून उतरणाऱ्या नातवाचा: आजी सुखावली. त्याऐवजी अंगणात शिरणाऱ्या पोलिसाचा: आजी काहीतरी लपवतेय. नटीला काहीच करायला लावलं नाही. प्रेक्षकच आपल्या पदरचं घालतो, आणि आपण घातलेलं त्याला नटीच्या चेहऱ्यावर दिसतं.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात हे कुणाला फारसं सुचलं नव्हतं. कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा एका जागी बसायचा आणि पात्रं समोर येऊन अभिनय करून जायची. १९१३ च्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चे जे भाग आज बघायला मिळतात, त्यांत ही रंगभूमीची सवय दिसते. कॅमेरा जवळ जाऊ लागला, शॉटचे तुकडे होऊ लागले, तसा कट प्रेक्षकाच्या भावनेशी खेळू लागला.

आवाज आल्यावर तर संकलकाच्या हाती दुसरं हत्यारच आलं. कोल्हापुरात १९२९ ला सुरू झालेल्या आणि पुढं पुण्याला गेलेल्या प्रभात कंपनीचा १९३७ चा 'कुंकू' या बाबतीत आजही बघण्यासारखा आहे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या तरुणीची ही गोष्ट. व्ही. शांताराम यांनी तीत पार्श्वसंगीत ठेवलं नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे. शांता आपटेंची नीरा गप्प असते तेव्हा ते घर खरंच गप्प असतं. कोणत्या क्षणी वाईट वाटून घ्यायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही.

वेळ ताणणं, वेळ आटवणं

क्रिकेटचा शेवटचा चेंडू टीव्हीवर बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गोलंदाज धावायला लागतो. कट, हात जोडलेली प्रेक्षकांतली बाई. कट, कठड्यावर ओणवा झालेला कर्णधार. कट, बॅट आपटणारा फलंदाज. धाव तेवढीच आहे, पण ती संपता संपत नाही. थेट प्रक्षेपणात वेळ खरोखर वाढवता येत नाही, चित्रपटात येते. सर्गेई आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवरून सैनिक गोळ्या झाडत उतरतात. लोक पळतात, आईच्या हातून बाबागाडी सुटते. खऱ्या पायऱ्या उतरायला लागेल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो प्रसंग चालतो, कारण एकच क्षण चार बाजूंनी पुन्हा पुन्हा दाखवलाय. पायऱ्या संपत नाहीत, आणि बघणाऱ्यालाही सुटका नाही.

हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) उलटं आहे. न्हाणीघरातल्या खुनाच्या जेमतेम पाऊण मिनिटात पन्नासच्या आसपास कट आहेत. सुरी, हात, पडदा, पाणी, उघडं तोंड, पुन्हा सुरी. डोळ्याला एकही चित्र नीट बघायला मिळत नाही, म्हणून प्रत्येक जण आपण सुरी घुसताना पाहिली अशी खात्री बाळगून बाहेर पडतो. गंमत म्हणजे या प्रसंगाला संगीत नको असं हिचकॉकचं सुरुवातीचं मत होतं. बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर किंचाळणारे सूर रचून ऐकवले आणि मत बदललं.

या सगळ्यातून नवा मुलगा असा समज करून घेतो की भराभर कट केले की परिणाम होतो. आजकालच्या कितीतरी मारामाऱ्या याच समजुतीवर चालतात. कोण कुणाला मारतंय कळत नाही आणि कळून घ्यावंसंही वाटत नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ'चे संकलक वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात चांगल्या कटचे सहा निकष सांगून त्यांना चक्क टक्के दिलेत. भावना ५१, कथा २३, लय १०. प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठं आहे ती ७, आणि चित्राची मांडणी, जागेची सलगता वगैरे उरलेले ९. म्हणजे हात उजवीकडे होता तो डावीकडे कसा गेला, ही चूक भावना बरोबर असेल तर चालून जाते. टक्के अर्थात गमतीचे आहेत, पण भावनेला अर्ध्याहून अधिक वजन हा त्यांचा मुद्दा पक्का आहे. याच मर्चना १९७४ च्या 'द कन्व्हर्सेशन'वर काम करताना लक्षात आलं की आपण कट करतो त्याच्या अगदी जवळ नट जीन हॅकमन पापणी मिटतोय. माणसाचा एक विचार संपला की तो डोळे मिटतो आणि कटही तिथंच बसतो, असा तर्क त्यांनी पुढं मांडला.

मग विचार संपलाच नसेल तर? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' बघताना हे कळतं. लोकशाहीर नारायण कांबळेंवर खटला चालू आहे. कॅमेरा लांब, स्थिर, आणि कट येत नाही. वकील कलमं वाचतो, न्यायाधीश टिपून घ्यायला सांगतात, पुढची तारीख पडते. संकलक रिखव देसाई शॉट तोडायला तयारच नाहीत. प्रेक्षक कंटाळतो, अंग मोडतो, आणि मग हळूच लक्षात येतं की हा कंटाळाच त्या शाहिराची शिक्षा आहे. कोर्टकचेरीत तारखा घेतलेल्या माणसाला तो कंटाळा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हैदराबादच्या त्या खोलीत

'सैराट' मराठी माणसाने पाहिला नसेल असं घर कमी. नागराज मंजुळे दिग्दर्शक, कुतुब इनामदार संकलक, २०१६. पहिला अर्धा चित्रपट अजय-अतुलच्या भरगच्च वाद्यवृंदावर तरंगतो. विहिरी, शेतं, स्लो मोशन, पाखरं. मग आर्ची आणि परशा पळून हैदराबादला येतात आणि चित्रपटाचा श्वासच बदलतो. झोपडपट्टी, डोशाची गाडी, परकी भाषा. पोटासाठी गाव सोडून दुसऱ्या राज्यात वस्ती केलेल्या कुणालाही हा भाग ओळखीचा वाटला. कित्येक तरुण प्रेक्षकांनी मात्र तेव्हा 'दुसरा हाफ स्लो आहे' अशी तक्रार केली.

तो संथपणा कशासाठी होता ते शेवटी कळतं. संसार लागलाय, मूल झालंय. दारात रांगोळी चाललेली असताना माहेरची माणसं येतात, सोबत आईने पाठवलेल्या वस्तू. आत चहा. शेजारीण मुलाला बाहेर घेऊन गेलेली. इथं संकलक घाई करत नाही. कपबशा, नजरा, अवघडलेलं हसू, सगळं साध्या गतीने चालू राहतं. मग मूल परत येतं आणि दारातून आत जातं. खून दाखवलेला नाही. 'शोले'तल्या रेल्वेसारखाच इथंही मधला क्षण गाळलाय. फरक एवढाच की रेल्वेने धडधडून कानठळ्या बसवल्या होत्या; इथं आवाजच काढून घेतलाय. मुलाचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. रक्तात भिजलेली इवली पावलं बाहेर जातात. दोन तास ज्या चित्रपटाने कान संगीताने भरले, त्याने ते अचानक रिकामे केले. पहिल्या अर्ध्यात तेवढं संगीत नसतं तर शेवटची शांतता एवढी ऐकू आली नसती. चित्रपट संपल्यावर टॉकीजमध्ये दिवे लागले तरी लोक बसून राहिले, ते या हिशेबामुळं.

कात्री आता खिशात

शिंद्यांच्या काळी कात्री वापरायला फिल्म, यंत्र आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी लागायची. आता फोनवरच्या फुकट ॲपमध्ये शॉट कापता येतो, गोठवता येतो, संथ करता येतो, खाली धीरगंभीर संगीत टाकता येतं. त्यातून चांगल्या गोष्टीही होतात. गावच्या जत्रेची, किल्ल्यावरच्या स्वच्छतेची क्लिप दहावीतला पोरगा असा कापतो की बघत राहावं.

पण सीमाभागाला दुसरीही बाजू माहीत आहे. १ नोव्हेंबर जवळ आला, किंवा कुठं फलकाच्या भाषेवरून वाद पेटला, की अर्ध्या मिनिटाच्या क्लिप फोनाफोनी फिरू लागतात, मराठीतही आणि कन्नडमध्येही. त्यांची बांधणी बघितली तर ती कुलेशोव्हचीच असते. घोषणा देणारा जमाव. कट, एसटीची फुटलेली काच. कट, रडणारी बाई. खाली ढोलताशा किंवा भेसूर सूर. तिन्ही शॉट खरे असू शकतात. पण ते एका दिवसाचे, एका गावचे आहेत असं क्लिप कुठंच म्हणत नाही. ते बघणारा म्हणतो, मनातल्या मनात, आणि ठाकूरचा नातू पडताना पाहिल्याची जशी खात्री असते तशीच खात्री त्याला याचीही वाटते. मग तो क्लिप पुढं ढकलतो.

अशी क्लिप तपासायला संकलकांचीच एक जुनी सवय कामाला येते. ते पुष्कळदा आवाज बंद करून दृश्य बघतात, कारण संगीत गेलं की चित्रांनी स्वतः काय सांगितलंय तेवढंच उरतं. मारणारा आणि मार खाणारा एका तरी चौकटीत एकत्र दिसतात का? कट नेमका हात वर गेल्यावर होतो का? आवाजाशिवाय दुसऱ्यांदा बघताना नजर चेहऱ्यांवरून सुटते आणि मागच्या गोष्टींवर जाते: दुकानाची पाटी, भिंतीचा रंग, गाडीची नंबरप्लेट, लोकांच्या अंगातले स्वेटर. दगड उचलणाऱ्या शॉटमध्ये रस्ता पावसाने ओला आणि काच फुटलेल्या शॉटमध्ये कडक ऊन, एवढंही कधी कधी पुरतं.